संकेतस्थळावर नवं काही आलं की कॉम्प्युटरनंच हाक मारावी: घरच्या घरी नोटिफिकेशन प्रोग्राम

एमपीएससीच्या जाहिराती, विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक, म्हाडाची सोडत, ठेकेदारांच्या निविदा. पानं वेगवेगळी, पण ती बघणाऱ्यांचं काम एकच: पान उघडायचं, वरची ओळ वाचायची, काही नवं नाही म्हणून बंद करायचं आणि तासाभरानं पुन्हा उघडायचं. हे काम पायथनमधल्या शंभर-दीडशे ओळी आरामात करतात. त्यासाठी सर्व्हर लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात नोटिफिकेशनचा चौकोन उमटवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, एका ओळीचा. कस लागतो तो दुसरीकडे. प्रोग्राम उगाच वाजता कामा नये, आणि तो गप्प असेल तेव्हा खरोखरच नवं काही नाही याची खात्री वाटली पाहिजे. उगाच वाजणारा प्रोग्राम लोक आठवड्यात बंद करतात. गुपचूप मेलेला प्रोग्राम त्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही पान बघणंच सोडून दिलेलं असतं.

पुढचं सगळं विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप आणि पायथनची तोंडओळख गृहीत धरून लिहिलंय. आज्ञा आणि नावं आपण बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आधी पान ओळखा

कोड लिहायला बसण्यापूर्वी पानाकडे दहा मिनिटं नीट बघा. पहिला प्रश्न: त्या संकेतस्थळाला आरएसएस किंवा अ‍ॅटम फीड (नव्या मजकुराची यंत्रानं वाचण्याजोगी यादी) आहे का? पानाचा सोर्स उघडून (कंट्रोल आणि यू) त्यात आरएसएस हा शब्द शोधा. फीड सापडली तर निम्मं काम वाचलं. फीडमध्ये प्रत्येक बातमीला शीर्षक, दुवा, तारीख आणि बहुतेक वेळा स्वतःची वेगळी ओळख असते, आणि फीडपार्सर नावाची लायब्ररी ते सगळं सुटं करून हातात देते. वर्तमानपत्रं आणि ब्लॉग यांच्याकडे फीड असण्याची शक्यता बरीच. सरकारी सूचनाफलकांवर मात्र ती क्वचितच भेटते.

फीड नसेल तर त्याच सोर्समध्ये सध्याच्या एखाद्या सूचनेचे दोन-तीन शब्द शोधा. सापडले तर उत्तम, कारण मजकूर थेट पानातच आहे. पडद्यावर दिसतंय पण सोर्समध्ये नाही, असं झालं तर ती यादी जावास्क्रिप्ट मागाहून आणून भरते. अशा वेळी एफ १२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये फेच/एक्सएचआर हा फिल्टर निवडा आणि पान ताजं करा. खाली येणाऱ्या विनंत्यांपैकी एखादीच्या उत्तरात तीच यादी जेसन (नाव-मूल्य अशा जोड्यांत माहिती मांडणारा साधा मजकूर) रूपात दिसेल. तो पत्ता मिळाला की एचटीएमएलच्या वाटेला जायचीही गरज नाही, जेसन जास्त सुटसुटीत आणि जास्त टिकाऊ. यातलं काहीच जमलं नाही तर प्लेराइट आहे. ते पडद्याआड खरा ब्राउझर चालवतं, म्हणून जड आहे. तो शेवटचा उपाय समजा.

मूळ पत्त्यापुढे रोबोट्स डॉट टीएक्सटी लावून ती फाइलही वाचून घ्या. कोणत्या पानांवर यंत्रानं येऊ नये, हे तिथं लिहिलेलं असतं. ही प्रथा १९९४ पासूनची आहे आणि २०२२ मध्ये तिचं रीतसर मानक झालं. लॉगिनच्या किंवा कॅप्चाच्या मागे असलेली पानं या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवतो. तिथं यंत्र नको आहे हे त्यांनी स्पष्टच सांगितलेलं असतं.

मांडामांड

पायथन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'अ‍ॅड पायथन टू पाथ' असा चौकोन असतो, तो न विसरता टिक करा. सी ड्राइव्हवर 'पहारा' अशा अर्थाच्या साध्या इंग्रजी नावाचा फोल्डर करा. नावात मोकळी जागा नको, फोल्डर वनड्राइव्हच्या आतही नको. त्या फोल्डरात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोग्रामपुरती पायथनची वेगळी मांडणी) बनवा आणि पिपनं तीन गोष्टी बसवा: पान आणायला रिक्वेस्ट्स, त्यातलं हवं ते उचलायला ब्युटिफुलसूप४ आणि नोटिफिकेशन दाखवायला विनोटिफाय. ब्युटिफुलसूपच्या नावातला शेवटचा ४ महत्त्वाचा आहे, त्याशिवायचं पॅकेज जुन्या पिढीचं आहे.

पान आणणं

रिक्वेस्ट्सच्या गेट या फंक्शनला पत्ता दिला की पान येतं. शिकवण्यांमध्ये बहुतेक इथंच थांबतात. रोज चालणाऱ्या प्रोग्रामसाठी आणखी चार गोष्टी लागतात.

टाइमआउट द्याच. रिक्वेस्ट्सला तो आपणहून नसतो. समोरचा सर्व्हर जोडणी घेऊन गप्प बसला तर तुमचा प्रोग्रामही तिथंच अनंतकाळ बसून राहील, चूकही दाखवणार नाही. जोडणीसाठी १० आणि उत्तरासाठी ३० सेकंद पुरेत.

दुसरं, यूजर-एजंट, म्हणजे विनंतीसोबत जाणारं आपल्या प्रोग्रामचं नाव. लायब्ररीचं मूळचं नाव पाठवलं तर काही सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. आपल्या प्रोग्रामचं साधं नाव आणि संपर्काचा ईमेल लिहावा असं माझं मत. ब्राउझर असल्याचं सोंग करण्यापेक्षा ते बरं.

तिसरी अडचण खास आपली आहे. सर्व्हरनं मजकुराचं एन्कोडिंग सांगितलं नाही तर रिक्वेस्ट्स ते आयएसओ ८८५९-१ धरून चालतं आणि मराठीचा पार चिवडा होतो. उपाय सोपा: टेक्स्ट न घेता कंटेंट, म्हणजे कच्चे बाइट, थेट ब्युटिफुलसूपला द्या. ते पानातला मेटा टॅग वाचून एन्कोडिंग स्वतः ठरवतं. एवढं करूनही अक्षरं निरर्थक दिसली तर पान बहुधा युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फाँटमध्ये आहे. बदल तरीही पकडता येईल, फक्त नोटिफिकेशनमध्ये शीर्षक न दाखवता 'नवी सूचना आली आहे' एवढंच दाखवा.

चौथी, प्रमाणपत्राची तक्रार. ब्राउझरमध्ये छान उघडणारं पान पायथनमध्ये 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' म्हणून अडतं. बहुतेक वेळा कारण हे की सर्व्हर साखळीतलं मधलं प्रमाणपत्र पाठवतच नाही. ब्राउझर ते आपणहून मिळवतो, पायथन मिळवत नाही. इंटरनेटवर याचं उत्तर म्हणून 'व्हेरिफाय इज इक्वल टू फॉल्स' लिहिलेलं सापडेल. ते करू नका. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून मधलं प्रमाणपत्र उतरवून घ्या, सर्टिफाय लायब्ररीच्या फाइलची प्रत करून तिच्या शेवटी ते जोडा आणि व्हेरिफायला त्या प्रतीचा मार्ग द्या.

हवं तेवढंच उचलणं

सोपा वाटणारा मार्ग असा: पूर्ण पानाचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढायचा आणि मागच्याशी जुळतोय का ते बघायचं. हा मार्ग जवळपास कधीच चालत नाही. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या असते, वर आजची तारीख असते, फॉर्ममध्ये दर वेळी बदलणारं लपलेलं व्ह्यूस्टेट असतं. दर वेळी हॅश वेगळा आणि दर वेळी घंटा.

म्हणून सूचनांची यादी ज्या चौकटीत आहे तेवढीच उचलायची. ब्राउझरमध्ये एखाद्या सूचनेवर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट म्हणा आणि तिला सामावून घेणाऱ्या टेबलचा किंवा डिव्हचा आयडी किंवा क्लास टिपून घ्या, हाच आपला सिलेक्टर. ब्युटिफुलसूपच्या सिलेक्ट या फंक्शनला तो दिला की आतले सगळे दुवे मिळतात. प्रत्येकातून शीर्षक आणि पत्ता घ्या. पत्ता अर्धवट असेल तर यूआरएल-जॉइननं पूर्ण करा.

आता प्रश्न येतो ओळखीचा: दोन सूचना एकच आहेत की वेगळ्या, हे कशावरून ठरवायचं? इथं घाई करू नका, पहाऱ्याचा सगळा शहाणपणा याच ठिकाणी आहे. पीडीएफचा पत्ता ही नैसर्गिक ओळख वाटते, पण कधी शुद्धिपत्रक त्याच नावानं जुन्या फाइलच्या जागी चढवलेलं असतं. शीर्षक घेतलं तर 'सूचना' किंवा 'प्रसिद्धिपत्रक' एवढंच शीर्षक असलेल्या दहा ओळी असतात. मी दोन्ही जोडून ओळख बनवतो. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतरचा भाग ठेवायचा की काढायचा, हे पानागणिक ठरतं. कुठं तो सूचनेचा खरा क्रमांक असतो, कुठं दर भेटीला बदलणारं टोकन. पान दोनदा पाठोपाठ आणा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल.

शीर्षक जपून ठेवण्याआधी धुऊन घ्यायचं. सलग मोकळ्या जागा आणि ओळतोड यांची एक मोकळी जागा करा. न तुटणारी मोकळी जागा नावाचं एक वेगळं अक्षर असतं, तेही साध्या जागेत बदला. 'नवीन' अशी लुकलुकणारी चिठ्ठी शीर्षकाच्या शेजारी त्याच दुव्यात असेल तर ती काढून टाका, नाहीतर पंधरा दिवसांनी त्यांनी ती काढली की तुमच्याकडे जुनीच सूचना नवी म्हणून वाजेल. मग युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा.

तरीही मराठीतली एक गाठ सुटत नाही. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला असतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडक. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. म्हणून तुलनेसाठीच्या प्रतीत र, हलन्त, झेडडब्ल्यूजे ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग उरलेले अदृश्य जोडक काढून टाका. हा क्रम उलटा केला तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन बसेल. दाखवण्याच्या प्रतीला हात लावू नका.

लक्षात ठेवणं

कालची यादी साठवून आजच्या यादीशी ताडून बघणं, हे पहिलं सुचतं. त्यात एक खड्डा आहे. संकेतस्थळ देखभालीसाठी तासभर बंद राहिलं, पान उघडलं पण यादी रिकामी आली, तर प्रोग्राम रिकामी यादीच 'कालची' म्हणून ठेवतो. संकेतस्थळ परत सुरू झालं की जुन्या सगळ्या सूचना एकदम नव्या ठरतात आणि चाळीस चौकोन एकामागून एक पडद्यावर येतात.

त्यापेक्षा 'आजवर पाहिलेल्या सगळ्या ओळखी' असा एक संच ठेवा. त्यात भर पडते, घट कधीच होत नाही. आज आलेली ओळख संचात नसेल तर ती नवी. बस्स. यादीतून सूचना नाहीशी झाली, वर-खाली सरकली, दुसऱ्या पानावर गेली, कशाचाच परिणाम नाही. आणि शून्य सूचना मिळाल्या तर ते 'बदल नाही' असं न मानता चूक म्हणून नोंदवा. त्या एका अटीनं देखभालीचं पान, बदललेली रचना आणि चुकलेला सिलेक्टर हे तिन्ही पकडले जातात.

संच एका जेसन फाइलमध्ये ठेवला तरी पुरतो. लिहिताना आणि वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा, कारण विंडोजवर पायथन वेगळंच काही गृहीत धरू शकतं. फाइल थेट लिहू नका. आधी तात्पुरत्या नावानं लिहा आणि मग ओएस डॉट रिप्लेसनं जुनीच्या जागी आणा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी अर्धवट फाइल उरत नाही.

क्रमाचाही प्रश्न आहे: आधी साठवायचं की आधी वाजवायचं? आधी साठवलं आणि वाजवताना गडबड झाली तर ती सूचना कायमची हुकली. आधी वाजवलं आणि साठवताना गडबड झाली तर फार तर दोनदा वाजेल. अर्जाची शेवटची तारीख हुकण्यापेक्षा दोनदा वाजलेलं परवडलं, म्हणून आधी वाजवा. फक्त पहिल्या फेरीत, संचाची फाइल नसताना, काहीही न वाजवता सगळं गुपचूप भरून घ्या.

सगळा गाभा मराठीत मांडला तर एवढाच होतो:

पान आण; आलं नाही तर चूक नोंदव आणि थांब.
यादी काढ; शून्य असेल तर चूक नोंदव आणि थांब.
संचाची फाइल नसेल तर संपूर्ण यादी साठव आणि थांब.
संचात नसलेल्या ओळखी वेगळ्या काढ.
त्या पाचपेक्षा कमी असतील तर एकेक दाखव, नाहीतर 'इतक्या नव्या सूचना' असा एकच चौकोन दाखव.
संचात भर घाल, साठव, यशाची वेळ नोंदव.

वाजवणं

विनोटिफायच्या नोटिफिकेशनला प्रोग्रामचं नाव, शीर्षक, मजकूर आणि लाँच म्हणून दुवा दिला की क्लिक करताच सूचना ब्राउझरमध्ये उघडते. बऱ्याच ठिकाणी प्लायर ही लायब्ररी सुचवलेली दिसेल. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालते हा तिचा गुण. पण विंडोजवर ती जुन्या पद्धतीचा फुगा वापरते, आणि त्यात शीर्षकाला ६४ व मजकुराला २५६ एवढीच मर्यादा आहे. त्यावर गेलात तर प्रोग्राम चूक देऊन थांबतो. मराठीत ही मर्यादा पटकन भरते, कारण 'क्षि' हे दिसायला एक अक्षर असलं तरी मोजायला क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार. कोणतीही लायब्ररी घ्या, मजकूर कापायचाच झाला तर शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर कापा. मध्येच कापलं तर शेवटी लोंबता हलन्त उरतो.

लिनक्सवर नोटिफाय-सेंड ही आज्ञा पुरते. मॅकवर ओएसए-स्क्रिप्टमधून डिस्प्ले नोटिफिकेशन.

चौकोन काही सेकंदांत निघून जातो, आणि 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू असेल तर पडद्यावर दिसतही नाही. म्हणून प्रत्येक नवी सूचना वेळेसकट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्येही लिहा. चहा पिऊन परत आलात की ती उघडायची.

वेळेवर चालवणं

प्रोग्रामच्या आतच न संपणारा लूप आणि स्लीप घालता येतो, पण तो एकदा पडला की पडलाच. प्रोग्राम एकच फेरी मारून संपणारा ठेवा आणि पुन्हा पुन्हा चालवायचं काम विंडोजच्या टास्क शेड्युलरकडे द्या. तिथं पाच जागा बारकाईनं भरायच्या.

प्रोग्राम म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं पायथन-डब्ल्यू निवडा. साधं पायथन दिलं तर दर अर्ध्या तासाला काळी खिडकी उघडझाप करत राहील. पायथन-डब्ल्यूवर चुकांचा मजकूर कुठंच दिसत नाही, म्हणून लॉगिंग फाइलमध्ये होतंय ना, ते आधी बघा. 'स्टार्ट इन' या रकान्यात आपल्या फोल्डरचा मार्ग लिहा. तो रिकामा राहिला तर प्रोग्राम विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधून सुरू होतो, संचाची फाइल त्याला सापडत नाही आणि प्रत्येक फेरी त्याला पहिलीच वाटते. 'युजर लॉग ऑन असेल तेव्हाच चालव' हा पर्याय ठेवा. दुसरा निवडला तर प्रोग्राम चालतो, पण चौकोन तुमच्या पडद्यावर येत नाही. आणि कंडिशन्समध्ये 'एसी पॉवरवर असेल तरच' ही टिक आधीपासून असते, ती काढा. चार्जर काढताच पहारा थांबायचं कारण तेच. 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव' ही टिक मात्र लावा.

लिनक्सवर क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा युजर टायमर घ्या. क्रॉनमधून सोडलेलं नोटिफिकेशन डेस्कटॉपच्या सत्रापर्यंत पोहोचवायला जास्तीची खटपट लागते.

किती वेळानं बघायचं? सूचनाफलकासाठी अर्धा तास भरपूर झाला. ट्रिगरमध्ये यादृच्छिक विलंबाचीही सोय आहे, पाच मिनिटांचा ठेवा, म्हणजे सगळ्यांचे प्रोग्राम ठीक दहाच्या ठोक्याला एकाच दारावर धडकत नाहीत. सर्व्हर पानासोबत ईटॅग किंवा लास्ट-मॉडिफाइड (पानाच्या आवृत्तीची खूण किंवा शेवटच्या बदलाची वेळ) पाठवत असेल तर ते साठवा आणि पुढच्या विनंतीत परत द्या. काही बदललं नसेल तर तो ३०४ एवढंच उत्तर देतो आणि दोघांचाही डेटा वाचतो. ३०४ हे यश आहे, तशीच नोंद करा. ४२९ आलं तर तुम्ही फार वेळा येताय असा त्याचा अर्थ, वेळ वाढवा.

गप्प आहे, पण जिवंत आहे ना?

प्रत्येक यशस्वी फेरीची वेळ लिहा आणि सलग किती फेऱ्या फसल्या तेही मोजा. एखादी फेरी फसली तर दुर्लक्ष करा, वायफाय गेलं असेल. सलग सहा फसल्या, म्हणजे साधारण तीन तास, तर 'पहारा अडला आहे' असा चौकोन दाखवा, पण दिवसातून एकदाच. सकाळच्या पहिल्या फेरीत आणखी एक ओळ: काल किती वेळा पाहिलं आणि काय सापडलं. ही रोजची ओळ पहिल्यांदा निरुपयोगी वाटते. पण टास्क शेड्युलरच बंद पडला तर ते सांगायला दुसरं कुणी नाही. सकाळी ओळ आली नाही, याचाच अर्थ काहीतरी बिघडलंय.

भरवसा ठेवण्याआधी तीन चाचण्या करा. संचाच्या फाइलमधून एक ओळख हातानं काढा आणि दोनदा चालवा: पहिल्यांदा नेमकं एकदा वाजलं पाहिजे, दुसऱ्यांदा अजिबात नाही. वायफाय बंद करून चालवा: लॉगमध्ये चूक हवी, चौकोन नको, संचाची फाइल जशीच्या तशी. सिलेक्टर मुद्दाम चुकीचा लिहून चालवा: शून्य सूचनांची चूक नोंदली गेली पाहिजे.

दुसरं पान जोडायचं झालं तर कोडची प्रत करू नका. पत्ता, सिलेक्टर, दाखवायचं नाव आणि पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग ठेवायचा की नाही, ही चार मूल्यं एका जेसन फाइलमध्ये पानागणिक लिहा आणि प्रोग्रामला त्या यादीवरून फिरवा. प्रत्येक पानाचा संच आणि अपयशाची मोजणी वेगळी ठेवा, आणि एका पानाची चूक त्या पानापुरतीच पकडा, म्हणजे एक संकेतस्थळ झोपलं म्हणून बाकीच्यांवरचा पहारा थांबत नाही. लॅपटॉप रात्रभर बंदच असतो आणि रात्रीही कळायला हवं असेल, तर हाच प्रोग्राम रास्पबेरी पायवर ठेवा आणि वाजवण्याची ती एक ओळ बदलून टेलिग्राम बॉटकडे संदेश पाठवा. बाकी कोड तसाच राहतो.